एकतीस वर्षांचा पाऊस आणि घासलेला पेनड्राइव्ह

आमच्या अण्णांचा एकतीस वर्षांचा पाऊस परत मिळाला. एक दिवस सोडला तर सगळा, मिलिमीटरसकट.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. कारण ज्या सोमवारपासून मी सांगणार आहे, त्या सोमवारी अण्णांच्या लेखी त्यांचा पाऊस हरवलेलाच नव्हता. जी वस्तू हरवलेली नाही ती परत मिळाली असं म्हणणं म्हणजे घरातच बसलेल्या माणसाला "आलात का?" असं विचारणं. आमच्या विंझरमध्ये तसं विचारतात, ती गोष्ट वेगळी.

अण्णा म्हणजे माझे वडील, मानसिंग गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, मोजण्यातून नाही. आमच्या अंगणात, तुळशीपासून बारा फुटांवर, एक पर्जन्यमापक आहे. (बारा फूट अण्णांनीच मोजलेत.) १९९४ च्या जूनपासून रोज सकाळी साडेआठला अण्णा त्यातलं पाणी काचेच्या नळीत ओततात, गुडघ्यावर बसून डोळा नळीच्या उंचीला आणतात आणि आकडा लिहितात. उन्हाळ्यातही. एप्रिलमध्ये भांडं खडखडीत कोरडं असतं, तरी अण्णा ते नळीत ओततात, डोळा लावतात आणि मगच शून्य लिहितात. न मोजता लिहिलेलं शून्य त्यांच्या मते अफवा असते. आत्याच्या लग्नात मुहूर्त आठ अठ्ठावीसचा निघाला तेव्हा अण्णांनी भटजींना दोन मिनिटं लवकर आटपायला सांगितलं होतं.

मी कुमार. वय सव्वीस. पुण्यातल्या एका कंपनीत माझी नोकरी आहे आणि ती मी आमच्या माळ्यावरून करतो, कारण विंझरला माझ्या कंपनीची रेंज फक्त माळ्यावर येते, आणि तीही भाताच्या कणगीला पाठ टेकून बसलं तर. माझं काम म्हणजे लोकांना बॅकअप घ्यायला लावणं. "आपला कालचा बॅकअप झालेला नाही" अशी चाळीस पत्रं मी रोज पाठवतो. त्यातली एकोणचाळीस कुणी वाचत नाही. चाळिसावा माणूस उलट "तुम्ही कोण?" असं विचारतो. या पदावरच्या माणसाच्या घरी पुढचा प्रकार घडला, हे मी माझ्या साहेबांना कळवलेलं नाही. त्यांनी ही कथा वाचू नये.

मागच्या दिवाळीत मी अण्णांच्या वह्या कॉम्प्युटरवर घेतल्या. पान न पान मोबाईलनं टिपलं आणि एका अ‍ॅपनं त्यातले आकडे वेचून तक्ता केला. मी एकही पान वाचलं नाही. फोटो काढणाऱ्यानं वाचायचं नसतं, नाहीतर काम होत नाही. अण्णा म्हणाले, "वह्या नीट ठेव." मी त्या इतक्या नीट ठेवल्या की घरात जागाच झाली. म्हणजे रद्दीत दिल्या. अण्णांनी पुढं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्या दिवसापासून अण्णा सकाळी साडेआठला अंगणातून आकडा ओरडायचे आणि मी माळ्यावर तो टंकायचो.

बॅकअपचा एक नियम आहे. तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. मी तो अक्षरशः पाळला. पहिली प्रत कॉम्प्युटरात. दुसरी त्याला जोडलेल्या डिस्कवर. तिसरी पेनड्राइव्हवर, स्टीलच्या छोट्या डब्यात घालून, दोन घरं सोडून राहणाऱ्या कोंडाबाईंकडं. त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं.

आईला मी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे विरजणासारखं. आपलं नासलं की आक्कांकडून वाटीभर आणायचं."

"आई, तसं नसतं ते," मी म्हणालो.

तसंच असतं, हे मला नंतर कळलं. पण तेव्हा मी तज्ज्ञ होतो.

मग मला दुर्बुद्धी झाली. पुण्यातल्या एका पावसाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला मी अण्णांच्या नोंदींचा गोषवारा पाठवला. अण्णांना न सांगता, म्हटलं गुपचूप सत्कार घडवून आणू. गोषवाऱ्यात एकूण वर्षं, सरासरी आणि सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस असं लिहिलं होतं. सर्वांत मोठा आकडा तक्त्यानंच काढून दिला. १४ जुलै १९९८, २६०० मिलिमीटर. मला आकडा आवडला. योगायोगानं तो माझा जन्मदिवस. आपण जन्मलो त्या दिवशी दणकून पाऊस होता, यात संशय घेण्यासारखं मला काही वाटलं नाही.

सोमवारी सकाळी संस्थेच्या शिवानी मॅडमचा फोन आला.

"कुमार, २६०० मिलिमीटर म्हणजे साडेआठ फूट पाणी. एका दिवसात."

"आमच्याकडं असतो पाऊस," मी म्हणालो.

"इतका पृथ्वीवर कुठंच नोंदलेला नाही. एक तर हा जागतिक विक्रम आहे, नाहीतर तुमच्या वडिलांच्या सगळ्याच नोंदी…" त्या सभ्य असल्यामुळं वाक्य तिथंच थांबलं. "मी गुरुवारी येते. त्या दिवसाची मूळ नोंद फक्त दाखवा."

तेव्हा कुठं मला साडेआठ फूट म्हणजे किती ते उमगलं. आमच्या दाराची चौकट सहा फुटांची आहे. म्हणजे गुरुवारपर्यंत ती नोंद दाखवली नाही, तर एप्रिलमधलं शून्यसुद्धा मोजून लिहिणारा माणूस एकतीस वर्षं थापा मारत होता असं छापून येणार. अण्णांना विचारायची सोय नव्हती. ते पहिलं वाक्य बोलले असते, "वह्या काढ."

पानांचे फोटो कॉम्प्युटरात होते. (मोबाईलमधले मी पुसले होते. कॉम्प्युटरात आहेत म्हणून.) संध्याकाळी निवांत उघडू म्हटलं. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि एक वीज आमच्या खांबावर पडली. कॉम्प्युटर गेला. त्याला जोडलेली डिस्क त्याच्यासोबत गेली, कारण ती जोडलेली होती. दोन प्रती, दोन निरनिराळ्या वस्तू, एक वायर.

मंगळवारी सकाळी साडेआठला अंगणातून आवाज आला, "तेरा पूर्णांक चार!"

मी जळक्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर तेरा पूर्णांक चार टंकलं. आवाज यावा म्हणून जरा जोरात.

"घेतलंस?"

"घेतलं, अण्णा."

आणि तडक आक्कांचं घर गाठलं. आक्का ओट्यावर बसून शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होत्या.

"आक्का, दिवाळीत एक डबा ठेवायला दिला होता. तेवढा द्या."

"सांजच्याला देते."

"आत्ता हवाय, आक्का."

"आत्ता? आरं, रिकामा कसा देऊ डबा? तुझ्या आईनं काय म्हणावं? जा, सांजच्याला घिऊन येती मंगल."

मंगल म्हणजे त्यांची सून. मी तिथंच हटून बसलो असतो, घरात शिरून फळीवरून डबा ओढला असता, तर ही कथा इथंच संपली असती. पण मी मध्यमवर्गीय आहे. मी "बरं" म्हणालो.

संध्याकाळी डबा आला. त्यात शेंगदाण्याचे दोन लाडू आणि लाडवांखाली पेनड्राइव्ह. मी लाडू खाल्ले, पेनड्राइव्ह पुसला आणि स्टँडवरच्या हनुमंतच्या दुकानात गेलो. हनुमंत मोबाईल, मिक्सर, पाण्याची मोटर आणि आधार कार्डवरची चूक या चारही गोष्टी दुरुस्त करतो. त्याच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला. आत एकच फाईल. मंगलच्या भावाचं लग्न. तीन तास चाळीस मिनिटं. सुरुवातीला नवरदेव घोड्यावर बसतो, मग उतरतो, मग कॅमेरावाल्यासाठी पुन्हा बसतो.

मी पळत आक्कांकडं.

"आक्का, ह्यात आधीचं होतं ते काय झालं?"

"आधीचं काय न्हवतं त्यात. मंगलनं टीव्हीला लावून बगितली काडी. टीव्ही म्हणला, काय न्हाई."

"आकडे होते हो! टीव्हीला आकडे दिसत नाहीत!"

"मग आमाला कसं कळावं? सात म्हैने आमच्यात ऱ्हायलेली काडी, रिकामी परत द्यायची? आमच्यात न्हाई चालत तसलं. लाडू काय त्या काडीत बसायचे न्हाईत, म्हणून मंगलनं भावाचं लगीन भरून दिलं. आख्खं हाय. हात आखडला न्हाई आमी."

"पण आधीचं पुसलं कुणी?"

आक्कांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं शाळेत अण्णा पाढे चुकलेल्या मुलाकडं पाहायचे.

"घासल्याबिगर भांडं भरत्यात व्हय कुणी?"

मी पाच वर्षं या क्षेत्रात आहे, हा नियम आमच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

घासणारा अर्थात हनुमंत निघाला. "आक्का म्हणल्या सोच्छ पायजे, म्हणून दोनदा फॉरमॅट मारला," तो म्हणाला. "आकडं दिसलं होतं मला. म्हणलं जुनी लाईटबिलं आसतील." मग माझा चेहरा बघून त्याला दया आली. "काय काळजी करू नगंस. काढतो परत."

आणि त्यानं गल्ल्याखालून तांदळाचा डबा काढून पेनड्राइव्ह त्यात खुपसला.

"हनुमंत, तो भिजलेला नाही."

"पावसाचाच डेटा हाय ना? ओल आसणारच."

दुकानात तोपर्यंत चार माणसं जमली होती. त्यातले माऊली आमच्या शेजारचे, डेअरीवर दुधाचं माप घालतात आणि बाकीच्या वेळात सल्ला. त्यांनी मुठीत तांदूळ घेऊन पाहिला. "ह्यो कंट्रोलचा दिसतोय. ह्यानं काय ओढायचं न्हाई. इंद्रायणी पायजे." दुसरा म्हणाला इंद्रायणी चिकट, आंबेमोहोर घाला, डेटाला वास तरी चांगला येईल. अर्धा तास या विषयावर गांभीर्यानं चर्चा झाली. मग हनुमंतनं सगळ्यांच्या समाधानासाठी दोन्ही तांदूळ मिसळले, आणि माझ्या समाधानासाठी रात्रभर एक प्रोग्राम चालवला. सकाळी पेनड्राइव्हच्या पोटातून चार गोष्टी निघाल्या. बँडचं अर्धं गाणं, मतदार यादीचं पान क्रमांक सात, एका शेळीचा 'नवीन' नावाचा फोटो आणि नवरदेव घोड्यावर बसतानाचा एक तुकडा. पेनड्राइव्ह मी हनुमंतकडूनच घेतला होता, नवा म्हणून, हेही त्या निमित्तानं कळलं.

"आरं, हल्ली ते वर ढगात ठेवत्यात म्हणं सगळं," माऊली म्हणाले.

"माझी रेंज कणगीला टेकून येते, माऊली. तेवढ्यात वर जात नाही काही."

"तसं न्हवं. पाऊस आन् पुन्यांदा ढगात ठिवायचा म्हंजी उलटंच की, आसं म्हणतोय मी."

मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की ९८ च्या जुलैत, चौदा तारखेला, पाऊस कसा होता? ही माझी या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक. (वह्या रद्दीत देणं धरून.)

"चौदा जुलै? लई! लई म्हंजी काय, आमची गाय व्हावून गेली."

"अरेरे."

"सांजच्याला परत आली. पवत."

का विचारतोस, असं त्यांनी विचारलं आणि मी भोळेपणानं जागतिक विक्रमाचं आणि गुरुवारच्या मॅडमचं सांगून बसलो. बुधवारी दुपारपर्यंत विंझरच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता, 'जगात एक नंबर पाऊस, विंझर. नोंदी पाहण्यास येणाऱ्या मॅडमचे स्वागत. स्वागतोत्सुक समस्त ग्रामस्थ'. खाली माऊलींचा फोटो, हात जोडून. त्यांच्या मागं एक धबधबा होता, तो आमच्या गावचा नव्हे. आठवणी तर सगळ्यांनाच फुटल्या होत्या. कुणाच्या चुलीतून मासा निघाला होता, कुणी छपरावर बसून जेवलं होतं. एका दिवसात माझ्याकडं २६०० मिलिमीटरचे अकरा साक्षीदार होते आणि कागद एकही नव्हता.

बुधवारी मी एका कचेरीत गेलो. कुठल्या ते सांगत नाही, मला पुढं तिथंच दाखले काढायचे आहेत. एवढंच सांगतो की ती तालुक्याच्या गावी आहे. आमच्या तालुक्याचं नाव आता राजगड आहे, पण मी एसटीत "वेल्हे एक" म्हणालो आणि कंडक्टरनं बरोबर तिकीट दिलं. जुन्या नावाची एक प्रत सगळ्यांच्या तोंडात शिल्लक असते. सगळ्या तालुक्याला जमलं ते मला जमलं नव्हतं.

सरकारी पर्जन्यमापकाची नोंद मिळते का, असं मी खिडकीतल्या भाऊसाहेबांना विचारलं.

"नक्कल पाहिजे? फॉर्म भरा."

फॉर्म सातबाऱ्याचा होता. दुसरा नव्हता.

"गट नंबर लिहा," भाऊसाहेब म्हणाले.

"पावसाचा?"

"मग मी कुठला पाऊस शोधू?"

मी आमच्या घराचा गट नंबर लिहिला. पुढच्या रकान्यात 'अर्जदाराचे खातेदाराशी नाते' होतं. मी 'मुलगा' लिहिलं. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

"पाऊस तुमच्या नावावर नाही?"

"वडिलांनी मोजलाय."

"मग वडिलांची संमती जोडा. नाहीतर मृत्यूचा दाखला."

"वडील हयात आहेत. त्यांना सांगता येत नाही म्हणून तर…"

"हयात असतील तर अडचण आहे," भाऊसाहेब सहानुभूतीनं म्हणाले. "तरी ठेवून जा. पंधरा दिवसांनी या. कामाच्या."

संध्याकाळी घरी आलो. अण्णा उद्यासाठी सदऱ्याला इस्त्री करत होते, कारण कुणीतरी मॅडम आपल्या नोंदी बघायला येणार एवढं त्यांना फ्लेक्सवरून कळलं होतं. "मला आधी सांगायचं रे," ते म्हणाले. बास, एवढंच. पण इस्त्री दोनदा फिरवली. तो सदरा ते शिक्षकदिनाला घालायचे. मी स्वयंपाकघरात गेलो आणि आईला सगळं सांगून टाकलं. वीज, लाडू, लग्न, रद्दी.

आईनं भाकरी उलटली. "सगळं गेलं?"

"सगळं."

"मग डबे उचला की."

मला वाटलं धक्का बसलाय तिला. पण तिनं दाराशेजारच्या कॅलेंडरकडं उलथनं दाखवलं. आजच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहिलं होतं, '०.०'. कालच्यात '१३.४'. खाली आईच्या अक्षरात 'गॅस लावला'.

मी सव्वीस वर्षं रोज त्या कॅलेंडरसमोरून जातोय. अण्णा सकाळी आकडा आधी तिथं लिहायचे आणि रात्री शाईनं वहीत उतरवायचे. आणि आई? दर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती वाणाबरोबर मागच्या वर्षाच्या कॅलेंडरचं एकेक पान द्यायची. कागद चांगला जाड, डब्यांखाली फळीवर अंथरायला. एकतीस संक्रांती. अण्णांचा पाऊस पंचक्रोशीतल्या बायकांच्या स्वयंपाकघरात, डब्यांखाली, उताणा पडला होता.

"पण कुणाकडं कुठलं पान ते कसं…"

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली, आणि मोबाईल घेऊन 'हळदीकुंकू २०१९' नावाच्या ग्रुपवर एकच निरोप टाकला, "बायांनो, डबे उचला. फोटो पाठवा."

पुढचे बारा तास माझ्या व्यवसायासाठी अपमानास्पद होते. फोटोंचा पूर आला. 'जुलै २००९, चहाच्या डब्याखाली. ११ तारखेवर तेल सांडलंय, ४० किंवा ४६.' 'ऑगस्ट २००३. चार आकडे झुरळांनी खाल्ले, पण सासूबाईंना पाठ आहेत.' शिवऱ्याच्या बाळाबाईंनी कळवलं, 'ऑगस्ट ९९ आहे पण त्यावर मांजर व्यायलीये, परवा पाठवते.' मग त्यांनी मांजरीसकट फोटो पाठवला, आणि एकेक पिल्लू सरकवत चार फोटो. सप्टेंबर ९६ एका मुलीच्या ट्रंकेत सासरी गेलं होतं, सारोळ्याला. माझ्या नियमात 'एक प्रत घराबाहेर' एवढंच आहे. आईची प्रत नीरा नदीच्या पुलापर्यंत पोचली होती.

गुरुवारी उजाडता उजाडता तीनशे एक्काहत्तर पानं हाती होती. एक नव्हतं. जुलै ९८.

"ते आक्कांकडं," आई म्हणाली. "लोणच्याच्या बरणीखाली. त्या ग्रुपवर नाहीत. आणि शेळ्या घेऊन रानात गेल्यात, परतायला नऊ वाजतील."

साडेनऊला शिवानी मॅडम आल्या. अण्णा इस्त्रीच्या सदऱ्यात, नळी धुऊन पुसून टेबलावर. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, तो २६०० मिलिमीटरचा दिवस…"

अण्णा हसले. त्यांना वाटलं परीक्षा घेतायत. मग हसू गेलं. "२६००? बाई, मी तसा आकडा कधी लिहिला नाही. कुमार, वह्या काढ."

अंगणात निम्मं गाव होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मधे आक्का फक्त "घासून दिली व्हती" एवढं म्हणाल्या. माझं संपल्यावर अण्णा म्हणाले,

"वह्या रद्दीत दिल्यास."

"हो."

"किती भरल्या?"

"सात किलो चारशे."

अण्णा उठले, कॅलेंडरपाशी गेले आणि आजच्या चौकोनात पेन्सिलीनं ते लिहून ठेवलं. मग चप्पल घातली. "चला आक्का. बरणी उचलू."

आक्का दारात आडव्या आल्या. "न्हाई गुरुजी. लोणचं मुरतंय. पंधरा दिस जाग्यावरनं हलवायचं न्हाई. हलवलं का नासलं."

माऊली म्हणाले, "आक्का, जगाचा विक्रम हाय!"

"जग येतंय का माझ्या संगं लोणचं खायाला?"

अण्णांनी खिशातून पट्टी काढली. बरणी फळीच्या कडेपासून किती, भिंतीपासून किती, ते मोजलं, खडूनं तळाभोवती खूण केली. "आक्का, होती तिथंच ठेवतो. सूतभर इकडंतिकडं झालं तर माझं नाव बदला." एकतीस वर्षांचं वजन त्या वाक्याला होतं. आक्का बाजूला झाल्या.

अण्णांनी बरणी दोन्ही हातांनी उचलली. मी आणि मॅडम खाली वाकलो. कागद पिवळा, कडेला तेलाचं वर्तुळ. तेरा तारीख, ६१.२. पंधरा तारीख, ४८.०. मधल्या चौकोनात पावसाचा आकडा नव्हता. अण्णांचं नेटकं अक्षर होतं, 'मुलगा. २६०० ग्रॅम.'

मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं.

म्हणजे जगातला सर्वांत मोठा पाऊस मी होतो. आणि नुसता होतो असं नाही, वजनाला कमीच भरलो होतो. वहीतही हेच उतरलं होतं. ग्रॅम हा शब्द अ‍ॅपनं सोडून दिला, आणि मी पान वाचलं नाही.

"पण त्या दिवशी पाऊस होता ना, गुरुजी?" मॅडमनी विचारलं.

"होता. चांगला होता." बरणी अजून अण्णांच्या हातात होती. "पहाटे जन्मला हा, भोरच्या दवाखान्यात. सकाळची पहिली एसटी धरली असती तर साडेआठला घरी पोचलो असतो. वेळ होती."

"मग?"

"हात मोकळे नव्हते," अण्णा म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "पण पाणी भांड्यात साठलं असेल. दुसऱ्या दिवशी मोजता आलं असतं."

अण्णा आक्कांकडं बघायला लागले. आक्का छपराकडं.

"घर माझ्यावर सोपवून गेलं व्हतं गुरुजी," आक्का शेवटी म्हणाल्या. "अंगणात भांडं, त्यात कालचं पानी. म्या ओतलं, घासलं. पोरगा झाल्याचा निरोप आला, मग रिकामं कसं ठिवायचं? पावशेर गूळ ठिवला त्यात."

"तो मात्र मोजला होता मी," अण्णा म्हणाले. "दोनशे दहा ग्रॅम. पावशेर नव्हता."

अण्णांनी बरणी खडूच्या खुणेत अलगद ठेवली, पट्टीनं तपासली. मॅडमनी गोषवाऱ्यातले २६०० खोडले आणि नव्या तक्त्यात तो रकाना कोरा ठेवला. म्हणाल्या, "गुरुजी, आता बाकीचे सगळे आकडे मी डोळे मिटून घेते." अण्णांनी त्यांना डोळे उघडे ठेवून घ्यायला सांगितलं. माऊलींनी निघता निघता विचारलं की कोरा रकाना हा कशात विक्रम होतो का. नाही कळल्यावर फ्लेक्स उतरवला. आता तो आक्कांच्या शेळ्यांवर छप्पर म्हणून आहे, त्यामुळं आतून बघितलं तर शेळ्या जगात एक नंबर आहेत.

मॅडम गेल्या. कोरा रकाना राहिला. अकरा हजारांत एकच, आणि तो माझ्यामुळं. अण्णा त्याबद्दल काही बोलत नाहीत, पण तक्ता उघडला की त्यांचं बोट त्या ओळीवरून जरा हळू जातं. म्हणून मी पुन्हा त्या कचेरीत जाऊन आलो. फॉर्म सातबाऱ्याचाच मिळाला. मी मागच्या कोऱ्या बाजूला अर्ज लिहून दिला आहे. पोच मिळालेली नाही.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी (पाऊस)

विषय: मौजे विंझर येथील दि. १४ जुलै १९९८ रोजीचा पाऊस पुन्हा पाडून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, सदर दिवशीचा पाऊस मोजणीअभावी नोंद होऊ शकलेला नाही. तरी तो त्याच ठिकाणी, तुळशीपासून बारा फुटांवर, होता तेवढाच, सकाळी साडेआठच्या आत एकवार पुन्हा पाडण्यात यावा. मोजणीस अर्जदाराचे वडील स्वतः हजर राहतील. त्या दिवशी त्यांचे हात अर्जदारामुळे अडकले होते. अर्जदाराचे वजन आता चौऱ्याहत्तर किलो असल्याने ती अडचण पुन्हा उद्भवणार नाही. श्रीमती कोंडाबाई यांना त्या दिवशी बाहेरगावी पाठवण्याची जबाबदारी अर्जदार घेत आहे.

सोबत: कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स (लोणच्याच्या डागासह).
गट क्रमांक: घराचा लिहिला आहे.
अर्जदाराचे पावसाशी नाते: त्या तारखेची नोंद.

कळावे.